बारावा फर्मा

मी एक कादंबरी बोलतेय. म्हणजे खरं सांगायचं तर सध्या अकरा गठ्ठे आणि सात सुटी पानं बोलतायत, एका ड्रॉवरमध्ये, एका रबरबँडमध्ये. माझं शेवटचं पान कुठे आहे ते मला माहीत नाही. त्यामुळे माझा शेवट काय आहे तेही माहीत नाही. तुम्ही म्हणाल, पुस्तकाला स्वतःचा शेवट ठाऊक नाही, हा काय प्रकार आहे? तुम्हाला तुमचा ठाऊक आहे का? मग झालं तर.

माझा जन्म छापखान्यातला. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, असे बारा फर्मे, एकशे ब्याण्णव पृष्ठं. मुद्रितं तपासणारी मुलगी तिसऱ्या फर्म्यावर खो खो हसली, तेव्हा फोरमन म्हणाला, "हसू नकोस, वाच." या दोन गोष्टी एका वेळी का करता येत नाहीत, हे मला तेव्हापासून कळलेलं नाही.

माझ्या पोटात एक मुलगी आहे. निवासी शाळेत राहते, कुणाचं ऐकत नाही. नवव्या पृष्ठावर वेण्या कापते, चाळिसाव्यावर विश्वस्तांच्या सभेच्या खुर्च्या धुण्याच्या दगडापाशी मांडते, कारण 'साहेबांना आमचं रोजचं काम जवळून बघता यावं.' आणि माझ्या मुखपृष्ठावर? दोन लांब वेण्या, इस्त्रीचा गणवेश, छातीशी वह्या, खाली झुकलेली नजर. चित्र काढणाऱ्याने मला वाचलंच नव्हतं. आधी राग आला. मग कळलं, याच चित्राने मला वाचवलं.

झालं असं, की कुणीतरी दान दिलेल्या खोक्यातून मी मुलींच्या एका वसतिगृहाच्या शाळेत पोचले. तिथे पुस्तक निवड समिती होती. तीन गृहस्थ. तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर. ते पुस्तक उघडत नसत. पहिल्याने मला हातात धरलं, लांब केलं, चष्मा वर सारला आणि म्हणाला, "बघा, कशी गुणी पोर आहे." दुसरा म्हणाला, "वेण्या बघा वेण्या." तिसरा झोपला होता. माझ्यावर शिक्का बसला: 'मुलींसाठी योग्य'.

माझ्यात काय आहे याबद्दल मी तिथेच पहिल्यांदा गोंधळले.

वाचनालयाचा नियम असा: पुस्तक खोलीत न्यायचं नाही, रविवारी एक तास, तिथेच बसून वाचायचं. मुली साठ. मी एक. पहिल्या रविवारी एका मुलीने माझी बावीस पृष्ठं वाचली आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर तेवढीच सांगितली. दुसऱ्या रविवारी माझ्यावरून दोघींची झोंबाझोंबी झाली.

तिसऱ्या रविवारी मला उचललं ते कैचीने.

कैची हे काही तिचं खरं नाव नाही. जिभेवरून पडलेलं. दहावीतली मुलगी, आईबाप नाहीत, काकांच्या जिवावर शिकत होती आणि काका ते रोज मोजत नसले तरी विसरूही देत नसत. तिने मला स्वेटरखाली घातलं, वर नेलं, पलंगावर पालथं टाकलं आणि पात्याने माझ्या पाठीची शिलाई कापली. टरा टरा टरा. मला कुणी विचारलं नाही. दुखलं. खोटं कशाला बोलू, मी तिला मनातल्या मनात भयंकर शिव्या दिल्या.

आणि तिसऱ्या दिवशी माझे बारा तुकडे बारा खोल्यांत होते. एका वेळी बारा जणी मला वाचत होत्या. उशीच्या अभ्र्यात, भूगोलाच्या नकाशाच्या घडीत, आंघोळीच्या बादलीत टॉवेलखाली. माझ्यासारख्या किती बाया कपाटात अख्ख्या बसून कुजतात. मी फाटले आणि माझी चंगळ सुरू झाली. आता या मुलीवर चिडू की तिचे पाय धरू? अजून ठरलेलं नाही.

अर्थात क्रम कुणाच्याच हाती नव्हता. जिला नववा फर्मा आधी मिळाला ती रडत फिरत होती, "अगं मेली गं ती!" जिच्याकडे दहावा होता ती म्हणाली, "वेडी का तू, आत्ता तर ती भात खातेय." मी दोन्हीकडे होते. माझ्यातली मुलगी एका खोलीत मेलेली, दुसरीत जेवत होती. तुम्हीच सांगा, मी कुणाची बाजू घ्यायची?

आता रेक्टरबाई.

या बाईंकडे एक लाल वही असे. गुन्हा केलेल्या मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात गुन्हा लिहायचा, खाली बाई सही करणार. तीन सह्या झाल्या की मुलगी घरी. कैचीच्या नावावर दोन होत्या. पहिली: 'मी जेवताना मोठ्याने हसले.' दुसरी: 'मुलांच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं आणि आमचं पाचला, असं का, असं मी विचारलं.' वहीत कारण लिहायला जागा नव्हती. बाई म्हणायच्या, "कारणं काय, ढीगभर असतात."

तिसरी सही झाली तर काय, ते कैचीला पक्कं माहीत होतं. काकांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या. गल्ल्याशेजारी तिच्यासाठी स्टूलही आणून ठेवलेलं. "शिकून शेवटी हिशोबच करायचाय ना, मग इथेच कर," असं काका म्हणत. दहावीची परीक्षा तिला मिळाली तर मिळाली, नाहीतर ते स्टूल.

एके दिवशी झडतीत बाईंना माझा पाचवा फर्मा सापडला. त्यांनी तो जप्त केला आणि दुपारी जेवणानंतर, किती आक्षेपार्ह आहे ते तपासायला, म्हणून वाचायला घेतला. मी त्यांच्या हातात होते, मला सगळं दिसत होतं. दुसऱ्या पृष्ठावर ओठ दाबले. चौथ्यावर पदर तोंडात कोंबला. सातव्यावर खुर्ची करकरायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झडती. सहावा फर्मा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, सातवा.

मुली घाबरल्या. शिस्त एकदम एवढी कडक का झाली, कुणाला कळेना. कळलं असतं तर हसून मेल्या असत्या. बाईंना पुढचं वाचायचं होतं. आठवा फर्मा सापडेना म्हणून त्यांनी धान्याची कोठी उपसायला लावली. स्वयंपाकाच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, तांदळात काय शोधताय?" बाई म्हणाल्या, "शिस्त."

पंधरा दिवसांत अकरा फर्मे बाईंच्या ड्रॉवरमध्ये. अकरावा असा संपतो: माझ्यातल्या मुलीला मंचावर उभं केलंय, सगळी शाळा समोर, हातात लिहून दिलेला माफीनामा. 'तिने माइक जवळ ओढला, घसा खाकरला आणि म्हणाली,'

स्वल्पविराम. फर्मा संपला.

बाईंनी तो उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून आत हात घालून पाहिलं.

त्याच दुपारी त्यांनी साठ मुलींना जेवणघरात उभं केलं. "हे पुस्तक कापलं कुणी?"

मला वाटलं होतं, साठही जणी हात वर करतील. माझ्यात तसंच होतं, चौथ्या फर्म्यात. इथे मात्र सगळ्या आपापल्या चपलांकडे बघत होत्या. ज्यांनी मला उशाखाली घेऊन रात्रंदिवस वाचलं त्याही. मावशी परातीकडे बघत होत्या. पुस्तकात होतं तसं बाहेर का होत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

कैची पुढे झाली. "मी कापलं."

"कशाला?"

"एक पुस्तक, साठ मुली. कापलं नसतं तर शेवटचीचा नंबर पुढच्या वर्षी लागला असता."

इथे बाईंनी रागवायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडून निसटलं, "मग शेवट कुठाय?"

कैचीने डोळे बारीक केले. "बाई... तुम्ही वाचलंत?"

आधी एक हसली. मग सगळं जेवणघर. मावशीसुद्धा, परातीत तोंड घालून. बाईंचा चेहरा वहीसारखा लाल झाला. माझ्या मते बाईंनीही तेव्हा हसायला हवं होतं. आम्ही सगळे वाचलो असतो. पण मोठ्या माणसांना चोरून हसता येतं, सगळ्यांसोबत येत नाही.

त्यांनी वही उघडली. "लिही."

कैचीने लिहिलं, 'मी पुस्तक कापलं, कारण'

"कारण नको."

तिने 'कारण' खोडलं. बाईंनी सही केली. तिसरी. पुरावा म्हणून माझे अकरा फर्मे शेजारी ठेवले होते. म्हणजे ज्या पुस्तकासाठी तिने हे केलं तेच तिच्याविरुद्ध साक्षीला उभं. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, दुखलं होतं, पण तक्रार नाही. तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी काका येऊन तिला घेऊन गेले. माझा बारावा फर्मा तिच्या मोज्यात होता.

बाईंनी गुपचूप दोन दुकानांत माझी दुसरी प्रत शोधली. "भाचीसाठी हवंय हो." दुकानदार म्हणाला, "हे आता कुणी छापत नाही." भाची त्यांना नाहीच.

दहा दिवसांनी पाकीट आलं. आत माझं एक पान, पृष्ठ एकशे सत्त्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर, आणि चिठ्ठी: 'बाई, हे पान असंच देते. पुढचं हवं असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडू नयेत म्हणून ठोकलेले खिळे काढा. आपली, पूर्वीची विद्यार्थिनी.'

बाईंनी चिठ्ठीचे आठ तुकडे केले. "वाह्यात कार्टी!" मग अडीच वाजता दार लावून पान वाचलं.

त्या पानावर माझ्यातली मुलगी काय म्हणते? 'मला पाणी हवंय.' बस. दोन्ही पृष्ठं पाणी आणायला कोण जाणार यावरच खर्ची पडलीत. मला लिहिणारी बाई भलतीच वात्रट असणार.

गुरुवारी सुतार आला आणि खिळे निघाले. बाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "हवा खेळती राहिली पाहिजे, असा मी विचार केला." मावशींनी कैचीला कार्ड टाकलं, दोन शब्दांचं: 'खिळे निघाले.' जेवणघरात परातीकडे पाहिलेल्या मावशींना नंतर जेवण जात नव्हतं म्हणे. मग ही कार्डं सुरू झाली.

दुसरं पान आलं. त्यात पाणी येतं. बाईंनी कपाळावर हात मारला.

असं आठवड्याला एक पान. आणि दर पानामागे एक अट. फाटक सातला बंद करा. वाचनालय रोज उघडा. पुस्तकं खोलीत न्यायला द्या. थंडीत गरम पाणी. जेवताना हसायला परवानगी, मोठ्याने. बाई चरफडत करत गेल्या आणि प्रत्येक सुधारणा स्वतःच्या नावावर खपवत गेल्या. विश्वस्तांनी त्यांचा सत्कार केला. हाराच्या वेळी बाईंच्या पर्समध्ये माझं पाचवं सुटं पान होतं, त्याने हे सगळं पाहिलं.

परत आलेलं पान मला तिकडची हकिकत सांगायचं. कैची स्टुलावर बसून बिजागऱ्या तोलते. गणिताचं पुस्तक गल्ल्याखाली ठेवलंय. काका म्हणतात, "गिऱ्हाईक आलंय, नाक वर काढ." ती नाक वर काढते आणि परत खाली घालते. परीक्षेचा अर्ज भरायची तारीख तिने भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवलीय. काका रोज त्या आकड्यासमोर बसून चहा पितात आणि ते काय आहे म्हणून विचारत नाहीत.

सातव्या पानावर माझी मुलगी पाणी पिऊन झाली, चष्मा पुसून झाला, माइक तपासून झाला. पृष्ठ एकशे नव्वदची शेवटची ओळ: 'तर माझं म्हणणं एवढंच, की'

आणि चिठ्ठीत शेवटची अट. 'लाल वहीत माझ्या नावाखाली तुम्ही काय केलंत ते तुमच्या हस्ताक्षरात लिहा. कारणासकट. ते जेवणघरात मोठ्याने वाचा. मग मला अर्ज भरायला बोलवा. अर्जाची तारीख तुम्हाला माहीत आहे.'

खिळे काढणं सोपं होतं हो. खिळे बाईंच्या अंगात नव्हते.

पहिला आठवडा त्यांनी पाकिटाकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वतःच माझा शेवट लिहायला बसल्या. कोरा कागद घेतला आणि लिहिलं, '...की माझं चुकलं. मला क्षमा करा.' आणि शाळेने तिला क्षमा केली. कागद माझ्यावर ठेवला. माझ्या अंगावर शहारे आले. बाईंनी वाचून पाहिलं, तोंड वाकडं केलं. अकरा फर्मे ज्या पोरीसोबत हसल्या तिच्या तोंडात ते वाक्य बसेना. दुसरा कागद घेतला. मग तिसरा. चौथा मात्र कोराच राहिला.

अर्जाची तारीख उद्यावर आली तेव्हा दुपारच्या जेवणात बाई उभ्या राहिल्या. हातात लाल वही. घसा खाकरला. साठ मुली, नाही, एकोणसाठ, चमचे खाली ठेवून बघत होत्या.

बाईंनी वाचलं, "मी सही केली, कारण मुली हसल्या."

एवढंच. मग बसल्या. मग परत उठल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकामुळे नव्हती केली." आणि पुन्हा बसल्या.

त्यांनी हे न्यायासाठी केलं की माझ्या शेवटासाठी, ते मी त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहूनही सांगू शकत नाही. बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही. शेवट वाचायच्या हावेपोटी केलेलं बरोबर काम बरोबर धरायचं का? कैचीला विचारलं तर म्हणेल, धरा, अर्ज भरून होऊ द्या आधी.

काकांना त्याच दुपारी माणसाहाती शाळेच्या शिक्क्याचं पत्र गेलं. काका शिक्क्याला घाबरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी कैची बाईंच्या खोलीत, माझ्या ड्रॉवरच्या अगदी वर, अर्ज भरत बसली होती.

"आधी पान," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"निकाल लागल्यावर."

"अगं, ठरलं काय होतं?"

"बाई, तुम्हीच शिकवलंत ना, मोठ्यांच्या शब्दावर जाऊ नये. म्हणजे शिकवलं नाहीत, पण शिकले."

बाई पाय आपटत शिक्का आणायला ऑफिसात गेल्या. ड्रॉवर बोटभर उघडा होता. मावशी चहा घेऊन आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "देऊन टाक गं ते पान. बिचारी रोज ड्रॉवर उघडून बघते."

"मावशी, पान नाहीये."

"म्हणजे?"

"काकांनी गेल्या महिन्यात कुणाला तरी अर्धा किलो खिळे बांधून दिले त्यात."

मावशींनी बशी टेबलावर ठेवली. "अगं बाई! मग तू तरी वाचलं होतंस का?"

कैचीने मान हलवली असणार. उभी की आडवी, ते बोटभर फटीतून दिसत नाही.

"आणि बाईंना काय सांगशील?"

"निकाल लागू दे. तोवर सुचेल."

सुचेल, म्हणाली. आठवेल नाही म्हणाली. सुचेल! गेले तीन महिने मी या एका शब्दाशी डोकं आपटतेय. मला लिहिणारी बाई एक, कापणारी एक, आणि आता शेवट करणारीही तीच कापणारी. मी नक्की कुणाची आहे?

तर मंडळी, माझी सध्याची अवस्था ही अशी. पाठ कापलेली, मुखपृष्ठ खोटं, शिक्का चुकीचा, रबरबँड सैल. मला नवी बांधणी करून देऊ नका. अख्खी झाले की परत कपाटात जाईन. वरच्या मजल्यावरच्या मुली हल्ली तिसरा फर्मा मागायला येतात, चक्क दार वाजवून, आणि बाई वहीत न लिहिता देतात.

एकच विनंती आहे. तुमच्या घरी कधी अर्धा किलो खिळे आले असतील आणि ज्या कागदात आले त्यावर पृष्ठ एकशे एक्क्याण्णव असा आकडा असेल, तर तो फेकू नका. वाचा. हसू आलं तर मोठ्याने हसा. पण कृपा करून इकडे पाठवू नका. तिची परीक्षा चालू आहे.